आधी न्याहारी

मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर मननाला बसायचं तर पहाटे यावं. सिंधुदुर्गाची तटबंदी अजून नुसती काळी रेघ असते आणि फिरायला येणाऱ्यांची वर्दळ सुरू झालेली नसते. चपला काढा, ओल्या वाळूपासून थोडं वर, कोरड्यात बसा. योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय घरीच वाचून आलात तर बरं. इथे पुस्तकात डोकं घालायला नको.

एखाद्या प्रसंगात कल्पनेने शिरायचं, तिथला वारा, वास, आवाज अंगावर घ्यायचा आणि मग देवाशी बोलायचं, ही रीत संत इग्नेशियस लोयोला यांची. त्यांचे सोबती फ्रान्सिस झेवियर 1542 साली इथून खाली गोव्यात उतरले. त्या एकविसाव्या अध्यायातल्या प्रसंगासाठी मात्र मालवणच्या माणसाला कल्पना फारशी ताणावी लागत नाही. रात्रभर समुद्रात राबून रिकाम्या होडीने परतणं म्हणजे काय, हे इथे घरोघरी ठाऊक आहे.

श्वास संथ होऊ द्या. घाई कसलीच नाही.

गालील सरोवरात एक होडी आहे. सात माणसं आहेत, येशूचे शिष्य; त्यांत पेत्र आहे. येशू मरणातून उठलाय हे त्याला कळलंय, भेटही झालीय, पण त्या रात्रीचा विषय अजून कुणी काढलेला नाही. प्रमुख याजकाच्या अंगणात, थंडीत, निखाऱ्यांपाशी हात शेकत उभं राहून त्याने तीनदा सांगितलं होतं की या माणसाला मी ओळखत नाही. मग कोंबडा आरवला. माणूस अशा वेळी काय करतो? हाताला सवयीचं असतं ते काम काढतो. पेत्राने जाळं काढलं.

उजाडतंय. काठावर कुणीतरी उभं आहे आणि आपल्याकडे किनाऱ्यावरून जाणारा कुणीही विचारतो तसंच विचारतंय: काय गावला काय रे, पोरांनू?

होडीतून उत्तर येतं: नाय.

इथे थोडा वेळ थांबा. अंगणातले तीन नकार खोटे होते, हा खरा आहे. सबब नाही, वाऱ्याला दोष नाही, पाण्याला नाही. तुमच्या कुठल्या रिकाम्या जाळ्याबद्दल तुम्ही अजून सबबी सांगत आहात? लगेच उत्तर शोधू नका. जे नाव, जी गोष्ट आपोआप वर येते, तिला येऊ द्या.

पुढचं माहीत आहे. उजवीकडे जाळं टाकायला सांगितलं जातं आणि ते ओढवत नाही इतकं भरतं. मासे 153. संत ऑगस्टीन यांनी 1 ते 17 पर्यंतच्या आकड्यांची बेरीज करून या संख्येचं गूढ उकललं. दांडीवरच्या कुणाला विचाराल तर तो म्हणेल, वाटे घालायचे तर मोजायला नकोत? मला हेच उत्तर जास्त पटतं.

पेत्र पाण्यात उडी टाकतो. काठाला लागतो, वर बघतो, तर समोर निखारे. पुन्हा निखारे. धुराचा वास नाकात गेल्यावर त्याला काय आठवलं असेल, हे योहान सांगत नाही.

त्या आगीजवळ जाऊन बसा. करवंट्यांच्या निखाऱ्यावर बांगडा भाजताना पाहिलाय ना? कातडी तडतडते, कडेने काळी होते, तेलाचा थेंब खाली पडला की फस्सकन धूर उठतो. तसा मासा तिथे आधीच भाजत पडलाय. भाकरही आहे. होडी काठाला लागण्याआधी, जाळं भरल्याची बातमी पोचण्याआधी, पेत्राने एक शब्द बोलण्याआधी हे मांडून ठेवलेलं आहे. क्षमा मागितल्यावर चूल पेटवली असं झालेलं नाही.

आणि तरीही येशू म्हणतो, तुम्ही आता धरलेल्यातले थोडे मासे आणा. त्याला गरज काय होती? रापणीत, म्हणजे काठावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढताना, दोराला हात लावला की ओढणाऱ्याचा त्या मासळीशी संबंध जोडला जातो. ज्याने सगळं पुरवलं, तोच तुमच्या हातचं मागतोय. या जागी मी दर वेळी अडखळतो आणि दर वेळी मला बरं वाटतं.

मग तो सगळ्यांना जेवायला बसवतो. चौकशी नाही, खुलासा नाही. पोट भरेपर्यंत त्या रात्रीचा उल्लेखही नाही. आपण नेमकं उलट करतो. आधी जाब, मग जमलं तर जेवण. देवाकडे जातानाही हीच वही काखेत असते: इतके उपवास करतो, इतक्या माळा जपतो, तेवढी बाकी कमी कर. ती वही आज बाजूला ठेवा. तुम्हाला वाढलेलं आहे. हात पुढे करा आणि घ्या. घेणं जड जातंय का? कशामुळे?

न्याहारी झाल्यावर प्रश्न येतो. या सगळ्यांपेक्षा तुझं माझ्यावर जास्त प्रेम आहे का? बाकीचे सोडून गेले तरी मी जाणार नाही, अशी बढाई याच पेत्राने मारली होती. आता तो स्वतःला कुणाशी ताडून पाहत नाही. तुला माहीत आहे, एवढंच म्हणतो. तीनदा विचारलं जातं. तिसऱ्यांदा त्याला दुखतं. दुखू द्या. जखम तीन ठिकाणी होती.

प्रत्येक उत्तरानंतर त्याला परतफेड सांगितली जात नाही, माणसं सोपवली जातात: माझी मेंढरं सांभाळ. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या, तेव्हा समाजाने टाकलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करणाऱ्या जोगिणी त्यांनी पाहिल्या. हे प्रेम येतं कुठून, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना येशू आणि शोमरोनी स्त्रीच्या भेटीची कथा वाचून दाखवली गेली. पुढे केडगावला अशाच स्त्रियांसाठी रमाबाईंनी कृपासदन उभं केलं. मिळालेली दया दात्याकडे परत जात नाही, ती तिसऱ्याच्या दारात जाते.

आणि पेत्र? इतकं होऊन तो मागे वळून योहानाकडे बघतो आणि विचारतो, याचं काय? क्षमा मिळून घटका झाली नाही तोच दुसऱ्याच्या वाट्यात डोकावणं सुरू. येशू त्याला सांगतो, तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये. हे वाक्य योहानाने गाळलं नाही, याबद्दल त्याचे आभार मानायला हवेत.

आता ऊन वर आलं असेल. मघाशी रिकाम्या जाळ्यापाशी ज्याचं नाव मनात आलं, त्याच्याकडे आज जा. जाऊन खुलासा मागू नका, आपलाही देत बसू नका. आधी विचारा, जेवलात काय?