मागचं दार

२०१९च्या मार्चमध्ये अमेरिकेत रिक सिंगर नावाच्या दलालाचं बिंग फुटलं. श्रीमंतांच्या मुलांना नामांकित विद्यापीठांत घुसवण्यासाठी तो प्रशिक्षकांना लाच द्यायचा, प्रवेशपरीक्षेतली उत्तरं दुरुस्त करून घ्यायचा. अभिनेत्री लोरी लॉकलिन आणि तिच्या नवऱ्याने ५ लाख डॉलर मोजले आणि त्यांच्या दोन मुली कागदोपत्री नौकानयनपटू झाल्या.

सिंगर गिऱ्हाइकांना सांगायचा, प्रवेशाची तीन दारं असतात. पुढचं दार स्वतःच्या हिमतीवर. मागचं दार विद्यापीठाला घसघशीत देणगी देऊन. पण ते दहापट महाग. म्हणून हे आपलं बाजूचं दार.

त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मागचं दार मात्र कायदेशीर आहे. मग या दोन दारांत नैतिक फरक कोणता? खटल्यात फसवणूक झालेला पक्ष होता विद्यापीठ. सौदा त्याच्या नकळत झाला, हा गुन्हा. पण जिची जागा गेली त्या मुलीच्या बाजूने पाहा. तिचं नुकसान दोन्ही दारांनी सारखंच होतं. फक्त एका वेळी विद्यापीठ तिच्यासोबत फसतं, दुसऱ्या वेळी तेच विक्रेता असतं.

यावर ठरलेलं उत्तर असतं : देणग्यांतूनच गरीब मुलांना शिष्यवृत्त्या मिळतात. ते खोटं नाही. पण एमआयटी माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देत नाही, जॉन्स हॉपकिन्सनेही ते बंद केलं. दोन्हींचं नीट चाललंय.

राज चेट्टी आणि सहकाऱ्यांच्या २०२३च्या अभ्यासानुसार, परीक्षेत गुण सारखेच असले तरी सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं अशा १२ अव्वल संस्थांत पोचण्याची शक्यता मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून अधिक असते. वारसा, खेळ, महागडे छंद यांचे गुण मिळतात आणि या सगळ्याला नाव मिळतं ‘गुणवत्ता’.

मी इंजिनिअरिंगला होतो तेव्हा मॅनेजमेंट कोट्यातून कोण आलंय हे वर्गाला माहीत असायचं. तो कोटा मला पटत नाही, पण निदान त्याचं नाव तरी खरं आहे.

हार्वर्डने उद्या वेबसाइटवर जागेचा भाव छापला तर? ते छापणार नाहीत, कारण मग त्या पदवीला किंमत उरणार नाही. जो सौदा लपवला तरच टिकतो, त्याला मी देणगी म्हणणार नाही.