अर्धी भरलेली टाकी

मनमाडजवळच्या पानेवाडीचे नाव उत्तर महाराष्ट्राबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. तेल कंपन्यांचे इंधन प्रकल्प तिथे आहेत. मुंबईहून पाइपलाइनने आलेले पेट्रोल-डिझेल तिथे टँकरमध्ये भरले जाते आणि नाशिक, धुळे, जळगावपासून मराठवाड्यापर्यंतच्या पंपांवर पोचते. 1 जानेवारी 2024 रोजी, नव्या वर्षाच्या पहिल्याच सोमवारी, तिथल्या टँकरचालकांनी गाड्या जागच्या जागी उभ्या केल्या. नव्या भारतीय न्याय संहितेतील ‘हिट अँड रन’च्या तरतुदीविरुद्ध देशभर मालवाहतूकदारांचे ‘स्टिअरिंग छोडो’ आंदोलन पेटले होते, त्याचाच तो भाग. दुपारनंतर फोनांवर संदेश फिरू लागले: पंप बंद होणार, आजच टाकी फुल्ल करून घ्या. संध्याकाळपर्यंत नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, पुणे अशा शहरांत पंपांवरच्या रांगा रस्त्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी कित्येक पंपांवर ‘पेट्रोल नाही’ची पाटी लागली. 2 जानेवारीच्या रात्री केंद्रीय गृहसचिवांनी वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली, आश्वासन दिले आणि चालक कामावर परतले. सगळा प्रकार जेमतेम दोन दिवसांचा.

दोन दिवस टँकर आला नाही म्हणून एखादे शहर कोरडे पडत नाही. सर्वसाधारण पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांत नेहमीच्या विक्रीला दोन-तीन दिवस पुरेल इतका साठा असतो. मग पंप काही तासांत रिकामे कसे झाले? हिशेब साधा आहे. मोटारवाला माणूस एरवी आठ-दहा दिवसांनी पंपावर येतो, स्कूटरवाला चार-पाच दिवसांनी. हे सगळे एकाच संध्याकाळी आले, की पंपासमोर आठवड्याची मागणी एका रात्रीत उभी राहते. पेट्रोल कुठे नाहीसे झालेले नसते. कालपर्यंत ते पंपाच्या टाकीत, म्हणजे ज्याला गरज पडेल त्याच्यासाठी होते. आज ते सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये, झाकलेल्या गाड्यांच्या पोटात, कोणाच्याही उपयोगी न पडता पडून असते. टंचाई संपामुळे सुरू झाली हे खरे, पण तिला पूर्णत्व दिले ते आपण.

लहान टँकरमध्ये साधारण 12,000 लिटर पेट्रोल मावते. प्रत्येक मोटारीने 20 लिटर भरायचे ठरवले तर त्यात 600 मोटारींचे काम होते. प्रत्येक दुचाकीला दोन लिटर दिले तर 6,000 माणसे दुसऱ्या दिवशी कामावर पोचतात. हे आकडे मांडायचे कारण असे, की रांगेतल्या प्रत्येकाच्या मनात एक वाक्य असते: ‘सगळेच भरताहेत, मी एकट्याने न भरून काय मोठा फरक पडणार?’ हे वाक्य मूर्खपणाचे नाही. उलट फार व्यवहारी आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1948मध्ये दाखवले होते, की धडधाकट बँकसुद्धा ‘बुडणार’ या नुसत्या समजुतीने बुडू शकते. प्रत्येक खातेदार आपल्यापुरता शहाणपणानेच वागत असतो. पंपाचेही तेच होते. तरीही त्या वाक्याचे उत्तर आहे. तुमच्या टाकीत अर्धे पेट्रोल असताना वर भरलेले 20 लिटर म्हणजे समुद्रातला थेंब नव्हे, तर रांगेच्या शेवटी उभ्या असलेल्या दहा स्कूटरस्वारांचा दुसरा दिवस आहे. ती दहा माणसे कोण, हे तुम्हाला कधी कळत नाही इतकेच.

आणि ती बहुधा ठरावीक माणसे असतात. ‘शंभरचं टाक’, ‘दोनशेचं टाक’ म्हणणारी. रिक्षावाला सकाळी जेवढे भरतो तेवढे रात्रीपर्यंत संपवतो. दिवसाची कमाई हातात आल्याशिवाय त्याला उद्याचे पेट्रोल घेता येत नाही. घरोघरी जेवणाचे डबे आणि पार्सले पोचवणारा मुलगा, रात्रपाळीला निघालेली परिचारिका, वायरमन, प्लंबर यांच्याकडे साठा नावाची गोष्ट नसते. त्यांचा काटा कायम रिझर्व्हच्या आसपास. मोठी टाकी फुल्ल करायला एकदम चार हजार रुपये खिशात लागतात. म्हणजे धास्तीची खरेदी ही मुळात ज्यांना परवडते त्यांचीच चैन आहे. भीती सर्वांना सारखीच वाटत असेल, पण भीतीवर पैसे खर्च करता येणे सगळ्यांना जमत नाही. गरज नसलेला माणूस दुपारीच येऊन भरून जातो आणि ज्याची गरज खरी आहे तो काम संपवून रात्री नऊला येतो तेव्हा नोझल अडकवून ठेवलेले असते. या घटनेतला अन्याय मला इथे दिसतो. साठेबाज म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर गोदामवाला व्यापारी येतो. स्वतःच्या मोटारीची टाकी कधी येत नाही.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. दुर्गादेवीच्या दुष्काळात त्यांनी बिदरच्या बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठोबाने विठू महाराचे रूप घेऊन बादशहाचा हिशेब चुकता केला, अशी ती आख्यायिका. आपण कीर्तनात दामाजीपंतांचे औदार्य ऐकतो, विठोबाची धाव ऐकतो. कोठाराच्या दारात उभ्या असलेल्या लोकांबद्दल मात्र कथा काही बोलत नाही. त्यांनी काय केले असेल? पहिल्या पन्नास जणांनी बैलगाड्या भरून धान्य नेले असते, तर दामाजीपंतांच्या पुण्याईने शंभराव्या माणसाचे पोट भरले नसते. कोठार उघडणाऱ्याचे धैर्य वाया जाऊ नये, यासाठी आत शिरणाऱ्याने ओंजळीचे माप पाळावे लागते. आपल्या परंपरेत दात्याची स्तुती भरपूर आहे, घेणाऱ्याच्या संयमाची फारच थोडी. कदाचित म्हणूनच घेण्याची वेळ आली की आपल्याला कसे वागायचे ते सुचत नाही.

अर्थात, पूर्वीचे लोक फार सज्जन होते असे मी म्हणणार नाही. रॉकेलच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तिथली भांडणेही आठवत असतील. पण त्या रांगेत दोन गोष्टी होत्या. रेशनकार्डावर प्रत्येकाचा वाटा लिहिलेला होता आणि रांगेतली माणसे एकमेकांना ओळखत होती. डबा रांगेत लावून बाई घरी भात बघून यायची. शेजारीण तिचा डबा पुढे सरकवायची. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोणाकडे पाहुणे आलेत, हे सगळ्यांना ठाऊक. अशा ठिकाणी दोनदा रॉकेल न्यायला डोळ्यांची लाज आड येते. पेट्रोल पंपाच्या रांगेत डोक्यावर हेल्मेट आणि वर चढवलेल्या काचा. पुढच्याची फक्त नंबर प्लेट दिसते. तिथे वाटा ठरवणारे कार्ड नाही आणि लाज वाटावी असे ओळखीचे कोणी नाही. जे काही माप पाळायचे ते स्वतःच्या मनानेच पाळायचे. हे फार अवघड आहे, आणि म्हणून निव्वळ उपदेशावर भागत नाही.

त्या दोन दिवसांत चंदीगडच्या प्रशासनाने हे ओळखले. दुचाकीला जास्तीत जास्त दोन लिटर, म्हणजे 200 रुपयांचे, आणि चारचाकीला पाच लिटर, म्हणजे 500 रुपयांचे पेट्रोल, असा हुकूम 2 जानेवारीलाच निघाला. श्रीलंकेवर 2022मध्ये याहून कितीतरी भीषण वेळ आली होती. परकीय चलन आटले होते, इंधन आणायला पैसे नव्हते, रांगांत दिवसरात्र ताटकळून काही वृद्धांचा जीव गेला. अखेर तिथे वाहनागणिक क्यूआर कोड देऊन आठवड्याचा वाटा ठरवला गेला आणि रांगा हळूहळू ओसरल्या. पेट्रोल एकाएकी वाढले म्हणून हे घडले नाही. ‘आपला वाटा शिल्लक आहे’ ही खात्री माणसाला मिळाली हे त्याचे मोठे कारण होते. खात्री मिळाली की माणूस घरी झोपायला जातो. मर्यादा घालणे म्हणजे लोकांवर अविश्वास दाखवणे असे आपल्याकडे समजतात. मला तर ती सभ्य माणसाची सोय वाटते. सर्वांना दोनच लिटर मिळणार असतील, तर दोनच लिटर घेणारा बावळट ठरत नाही.

याउलट ‘घाबरू नका, साठा पुरेसा आहे’ हे सरकारी निवेदन. ते बहुतेक वेळा खरे असते आणि बहुतेक वेळा निरुपयोगी ठरते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर 2021मध्ये टँकर चालवायला माणसे कमी पडल्याने मोजके पंप बंद ठेवावे लागले. देशात पेट्रोल मुबलक होते. मंत्र्यांनी ‘नेहमीसारखीच खरेदी करा’ असे आवाहन केले, आणि त्यानंतरच्या दिवसांत पंपांमागून पंप कोरडे पडले. शेवटी टँकर चालवायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत कलोनियल पाइपलाइनच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केल्याने ती पाच दिवस बंद राहिली. लोक मिळेल त्या भांड्यात पेट्रोल भरू लागले, तेव्हा तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाला ‘प्लास्टिकच्या पिशवीत पेट्रोल भरू नका’ असे जाहीरपणे सांगावे लागले. फ्लोरिडा राज्याला बरेचसे इंधन जहाजाने येते, त्या पाइपलाइनशी त्याचा फारसा संबंध नाही. रांगा तिथेही लागल्या. आपल्याकडे नोव्हेंबर 2016मध्ये मीठ संपणार अशी अफवा उठली होती. एवढ्या लांब समुद्रकिनाऱ्याच्या देशात! तरी लोकांनी एका किलोला शेकडो रुपये मोजले. कोणत्याही एका समाजाला नावे ठेवण्यात अर्थ नाही, हे यावरून दिसते. ‘घाबरू नका’ हे वाक्य ऐकणारा स्वतः घाबरलेला नसतोच. तो शेजाऱ्याला घाबरलेला असतो. त्याला धीर देऊन उपयोग नाही, त्याला शेजारी काय करणार आहे हे कळायला हवे.

म्हणून पहिल्या तासाला पंपचालकाने काय केले, याला मी फार महत्त्व देतो. ‘मोटारीला पाचशे, स्कूटरला दोनशे’ असा फळा बाहेर लावला, रुग्णवाहिका आणि रिक्षांना वेगळी वाट ठेवली, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. त्याचे नुकसानही काही होत नाही. साठा तेवढाच विकला जातो, जास्त लोकांना विकला जातो. रांगेतल्या माणसाचे कामही यामुळे सोपे होते. टाकी अर्ध्याच्या वर असेल तर त्याने यायचेच नाही. खाली असेल तर दोन-तीन दिवसांपुरते घ्यायचे. आलेला संदेश पाच गटांत पाठवायच्या आधी, तो आपण कोणाच्या भल्यासाठी पाठवतो आहोत हे स्वतःला विचारायचे. ‘आपल्या माणसांना सावध करावे’ हा हेतू चांगलाच असतो, पण प्रत्येकाच्या ‘आपल्या माणसां’ची बेरीज केली की सारे शहर होते.

राहता राहिला तो टँकर चालवणारा. त्या दोन दिवसांतल्या रांगांमध्ये सर्वांत जास्त शिव्या त्याला पडल्या. पानेवाडीहून रात्री निघून पहाटे पंपावर पोचणारा हा माणूस एरवी कोणाच्या ध्यानीमनी नसतो. त्याचे म्हणणे काय होते? निष्काळजीपणे वाहन चालवून मृत्यूला कारण झाल्यास जुन्या दंड संहितेत दोन वर्षांपर्यंत कैद होती. नव्या संहितेच्या कलम 106च्या दुसऱ्या उपकलमात, असा मृत्यू घडवून पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. चालकांमध्ये सात लाख रुपये दंडाची बातमी पसरली होती. कायद्यात असा आकडा नाही. म्हणजे रस्त्यावर आणि पंपावर, दोन्हीकडे अफवेचाच अंमल होता. पण चालकांच्या भीतीत तथ्यही होते. अपघातानंतर थांबलेल्या ट्रकचालकाला जमाव कसा मारतो, हे आपण सगळेच जाणतो. दुसरी बाजूही तितकीच खरी: देशात 2022 या एका वर्षात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली, आणि रस्त्यावर टाकून दिलेल्या जखमीच्या नातेवाइकांनाही न्यायाची अपेक्षा आहे. प्रश्न सोपा नव्हता. त्यावर नागरिक म्हणून काही मत बनवायला दोन दिवस मिळाले होते, आणि रांगेत वेळही भरपूर होता.

तो वेळ आपण पुढच्या गाडीच्या मागे हॉर्न वाजवण्यात घालवला. तरतूद फक्त ट्रकचालकांसाठी आहे, असेच बहुतेकांनी धरून चालले होते. ती तशी नव्हती. वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला, म्हणजे त्या रांगेतल्या प्रत्येक मोटारवाल्याला आणि स्कूटरस्वाराला ती लागू होणार होती. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024पासून अमलात आली, तेव्हा हे एक उपकलम तेवढे बाजूला ठेवले गेले. त्यासाठी आवाज उठवला तो टँकर आणि ट्रकवाल्यांनी. टाक्या फुल्ल करून घरी गेलेल्यांपैकी कोणी नव्हे.