अंगण कोणाचे?

१९०७ साली रोममधील सान लोरेन्झो या कामगारवस्तीत मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. कामगार कुटुंबे ज्या इमारतीत राहत, त्याच इमारतीत ते होते आणि तेथील शिक्षिकाही तेथेच राहत असे. शाळा घरातच आली, ही गोष्ट माँटेसरींना स्वतःला फार मोलाची वाटली होती. मात्र या बालगृहाची एक नियमावलीही होती. मातांनी मुलांना स्वच्छ करून पाठवावे, शिक्षिकेशी आदराने वागावे, आठवड्यातून निदान एकदा तिला भेटून मुलाविषयी बोलावे, असे तिचे स्वरूप होते. मळक्या कपड्यांत येणाऱ्या किंवा ज्याचे आईबाप शिक्षिकेचा मान राखत नाहीत अशा मुलाला काढून टाकण्याची तरतूदही तीत होती. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु कोण कोणाला पारखणार, हे त्या नियमांनी आधीच ठरवून टाकले होते.

हा विचार भारतात रुजला तो प्रामुख्याने भावनगरच्या मार्गाने. वकिली सोडून आलेल्या गिजुभाई बधेकांनी तेथे १९२० साली बालमंदिर सुरू केले. पालकांसाठी लिहिलेल्या आपल्या पुस्तकाला त्यांनी ‘आईबाप होणे अवघड आहे’ अशा अर्थाचे गुजराती नाव दिले. या नावातच पालकांविषयीची एक सहानुभूती आहे. नियमावलीच्या भाषेत ती सहसा आढळत नाही. १९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला येऊन त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या आणि पुढे १९४५ साली, तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग आरंभला. अनुताई वाघ त्यांना तेथेच येऊन मिळाल्या.

बोर्डीत जे घडले ते आता सर्वश्रुत आहे. तरी त्याचा नैतिक अर्थ पुरेसा पाहिला गेलेला नाही. अस्पृश्य गणलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येत नव्हती, तेव्हा या दोघींनी पालकांच्या अनास्थेला दोष देत बसण्याऐवजी बालवाडीच त्या वस्तीच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द या कृतीतून जन्मला. नखे कापणे, आंघोळ, केस विंचरणे हा तेथील शिक्षणाचाच भाग झाला. रोममध्ये जी प्रवेशाची अट होती, ती बोर्डीत पहिला पाठ झाली. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी हेच कार्य पुढे गेले. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेत येत नाही, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात गेली. कुटुंबाची जगण्याची रीत ही शिक्षणातील अडचण नसून शिक्षणाची भूमी आहे, असे येथे गृहीत धरले गेले.

एवढ्यावरून तिला भागीदारी म्हणावे काय? जो अंगणात येतो त्याच्यापाशी येण्याचे सामर्थ्य असते; ज्याचे अंगण असते त्याला ‘येऊ नका’ म्हणण्याचे सामर्थ्य असतेच असे नाही. गरीब आई गप्प राहते, ती पटले म्हणून की धैर्य नाही म्हणून, हे ओळखणे शिक्षिकेला सोपे नसते. वारली आई घरात बोलते तो शब्द वर्गात चुकीचा ठरू लागला, तर आईविषयीची पहिली लाज मुलाच्या मनात शाळेनेच पेरलेली असते. दुसऱ्या बाजूने पाहता, कुटुंबाची इच्छा हेच अंतिम प्रमाण मानावे, असेही म्हणता येत नाही. आपल्या मुलांशेजारी ती मुले बसू नयेत, ही सवर्ण घरांची इच्छाही कुटुंबाचीच इच्छा होती. तिचा मान राखला असता तर अस्पृश्यतेलाच बालशिक्षणात भागी करून घ्यावे लागले असते. वस्तीच्या अंगणात बालवाडी नेणे हे मोठे धाडस होते, यात वाद नाही. परंतु त्यामुळे गावातील इतर अंगणांना काही काळ मोकळीक मिळाली, असे कोणी म्हटल्यास ते सहजी खोडून काढता येणार नाही.

शहरी मध्यमवर्गात सत्तेचा हा तराजू उलटा झुकतो. तेथे पालक शुल्क देतो आणि तीन वर्षांच्या मुलाने लिहावे, तेही इंग्रजीत, अशी अपेक्षा धरतो. बोटांचे स्नायू अजून लेखणी पेलण्याजोगे झालेले नाहीत, हे शिक्षिकेला ठाऊक असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही या वयासाठी खेळाधारित शिक्षणाचाच पुरस्कार केला आहे. तरीही पुष्कळ ठिकाणी वह्या भरून घेतल्या जातात आणि पालकसभेत त्या अभिमानाने मांडल्या जातात. याला सहकार्य म्हणतात. वस्तुतः तो व्यवहार असतो. पालकाला दुखावूनही ‘नाही’ म्हणणारी आणि ते म्हणताना त्याच्या भीतीचे कारण ऐकून घेणारी शिक्षिकाच येथे त्याची खरी भागीदार ठरते. ही भीती खोटी नसते. इंग्रजीवाचून ज्याची स्वतःची वाट अडली त्याला स्नायूंच्या वाढीचे शास्त्र ऐकवून भागत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. त्या शब्दातले अंगण मात्र वाटेत बरेच हरवले. वजनकाटा, वाढीचा तक्ता आणि नोंदवह्या यांनी ते व्यापले. तेथे काम करणाऱ्या स्त्रीला शिक्षिका न म्हणता सेविका म्हटले गेले आणि वेतनाऐवजी मानधन दिले गेले. तिला उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. जिला संस्थाच पूर्ण भागीदार मानत नाही, तिने कुटुंबाशी भागीदारी करावी अशी ही अपेक्षा आहे. असे असूनही ती बहुधा त्याच वस्तीतली असते, आणि हेच तिचे बळ आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीला जोडपी निघतात तेव्हा काही मुले बरोबर जातात, काही आजीपाशी राहतात. पटावर दोघांचीही नावे तशीच राहतात. कोणते मूल कारखान्याच्या वाटेला लागले, कोणते मागे राहिले आणि मागे राहिलेल्याच्या आजीला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही, हे सेविकेला माहीत असते. नोंदवहीत त्यासाठी रकाना नसतो. आहार वाटून झाला की ती त्या घरावरून जाते, उंबऱ्याशी थांबते आणि पोर जेवले का, एवढेच विचारते.