वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं

फेब्रुवारी 2001. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल इमारतीत माइक मॅक्वेरी हा तरुण सहायक रात्री कपडे बदलण्याच्या खोलीत शिरला. शॉवरखाली त्याला माजी सहायक प्रशिक्षक जेरी सँडस्की दिसला, आणि त्याच्याबरोबर एक लहान मुलगा. मॅक्वेरीने आधी वडिलांना फोन केला. दुसऱ्या दिवशी मुख्य प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचं घर गाठून त्यांना सांगितलं. पॅटर्नोंनी क्रीडासंचालक टिम कर्लींना कळवलं. तिथून गोष्ट उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ आणि अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली. प्रत्येकाने वरिष्ठांच्या कानावर घातलं. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. त्या मुलाचा शोधही कुणी घेतला नाही.

विद्यापीठाचे पोलीस शुल्ट्झ यांच्याच अखत्यारीत होते, हे इथे सांगायला हवं.

सँडस्की तीस वर्षं पॅटर्नोंच्या हाताखाली होता. अडचणीतल्या मुलांसाठी त्याने 1977 मध्ये ‘सेकंड माइल’ ही संस्था काढली होती, आणि त्याला मुलं मिळत होती ती तिथूनच. 1998 मध्ये एका आईने तक्रार केली. चौकशी झाली, पण खटला भरला गेला नाही. पुढच्या वर्षी तो निवृत्त झाला तो मानाने, क्रीडा इमारतींत वावरण्याची मुभा घेऊन. 2000 मध्ये एका सफाई कामगाराने त्याच इमारतीतल्या शॉवरमध्ये अत्याचार पाहिला. तो हादरला, सहकाऱ्यांशी बोलला आणि गप्प राहिला. नोकरी जाईल ही त्यांची भीती होती. ज्या गावात लाखाहून अधिक माणसांचं स्टेडियम भरतं आणि प्रशिक्षकाचा हयातीत पुतळा उभा राहतो, तिथे झाडू मारणाऱ्याची ही भीती मला समजते. अध्यक्षांना कसली भीती होती?

त्याचं उत्तर त्यांच्या ईमेलमध्ये आहे. बालकल्याण खात्याला कळवायचं असं आधी ठरत होतं. मग कर्ली पॅटर्नोंशी बोलले आणि बेत बदलला. सँडस्कीलाच समजावायचं, मदत घ्यायला सांगायचं, मुलांना आवारात आणू नकोस म्हणायचं. हा मार्ग माणुसकीचा आणि वाजवी आहे, असं स्पॅनियर यांनी लिहिलं. त्यांना दिसलेला धोका एकच होता: त्याने ऐकलं नाही, तर कळवलं नाही म्हणून आपण अडचणीत येऊ. मुलाला काय झालं असेल, ही काळजी त्या हिशेबात कुठेच नव्हती. सगळी माणुसकी सहकाऱ्याच्या वाट्याला आली.

पुढे 2008 मध्ये एका शाळकरी मुलाने तोंड उघडलं, त्याच्या आईने ते लावून धरलं आणि तपास सुरू झाला. नोव्हेंबर 2011 मध्ये सँडस्कीला अटक झाली, पॅटर्नो आणि स्पॅनियर यांना जावं लागलं. पॅटर्नोंना काढल्याच्या रात्री विद्यार्थी रस्त्यावर उतरले ते पॅटर्नोंसाठी, मुलांसाठी नव्हे. जून 2012 मध्ये 48 पैकी 45 आरोपांत सँडस्की दोषी ठरला, आणि पुढे त्याला किमान 30 वर्षांची शिक्षा झाली. कर्ली, शुल्ट्झ आणि स्पॅनियर या तिन्ही अधिकाऱ्यांनाही मुलांना धोक्यात घातल्याबद्दल 2017 मध्ये काही महिन्यांची सजा सुनावली गेली.

पॅटर्नोंचा दोष किती, यावर तिथे आजही वाद आहे. त्यांच्या बाजूने सांगितलं जातं की त्यांनी कायदा पाळला, आणि त्या काळच्या कायद्यापुरतं ते खरंही आहे. पेन्सिल्वेनियात तेव्हा कर्मचाऱ्याने संस्थेच्या प्रमुखाला सांगितलं की त्याची जबाबदारी संपत असे. माझ्या मते दुखणं इथेच होतं. ज्या संस्थेची अब्रू पणाला लागली आहे, तिच्याच हातात तक्रार सोपवायची, म्हणजे ती पुरण्याची सोय करून ठेवायची. त्यासाठी दुष्ट माणसं लागत नाहीत, एकमेकांना सांभाळून घेणारी सभ्य माणसं पुरतात. डिसेंबर 2014 च्या अखेरीस तिथला नियम बदलला: आता आधी थेट शासनाला कळवायचं, मग वरिष्ठांना.

आपल्याकडे पोक्सो कायदा 2012 पासून हेच सांगतो. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर कुणीही ते पोलिसांना कळवलंच पाहिजे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तरीही शाळेत, तालमीत, क्रीडा प्रबोधिनीत अजून ऐकू येतं की ‘आधी सरांशी बोलून घेऊ’. सरांशी नंतर बोला. आधी 1098 या बालकांच्या मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर जवळचं पोलीस ठाणं गाठा.