जेवणानंतरची गोळी

नारपोली, भिवंडी

चि. सोनूस,

हल्ली जेवण झालं की पचनाची एन्झाइमची गोळी घेतोस, असं तू परवा फोनवर बोलून गेलास. पोटाला जपतोस याचं मला बरंच वाटलं, पण दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या.

आपल्या गल्लीतल्या मागांवर ताण्याचा बीम चढताना तू पाहिला आहेस. ताण्याचा धागा तुटू नये म्हणून सायझिंगला त्याला पिष्टाची खळ लावतात, आणि कापड प्रोसेसला गेलं की ती खळ अमायलेज नावाच्या एन्झाइमने उतरवतात. अगदी तेच नाही, पण त्याच जातीचं अमायलेज तुझ्या लाळेत आहे, राजा. भाकरीचा कोरडा तुकडा सावकाश चावत राहा, थोड्या वेळाने गोडसर लागेल. पिष्टाची साखर होऊ लागते ती तोंडातच. पुढे स्वादुपिंड रोज दीडेक लिटर रस आतड्यात सोडतं, त्यात पिष्ट, प्रथिनं आणि तेलतूप पचवणारी एन्झाइमं असतात.

गोळीला मी नावं ठेवत नाही. जोकिची ताकामिने या जपानी माणसाने बुरशीपासून असं पाचक काढून १८९४ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलं. पपईच्या चिकातलं पपेनही आपल्याकडच्या गोळ्यांत असतं. जुन्या सुजेने स्वादुपिंड निकामी झालेल्यांना स्वादुपिंडाच्या एन्झाइमची औषधं डॉक्टर देतात, आणि तीही जेवता जेवता घ्यायची, नंतर नव्हे. दूध न सोसणाऱ्याला लॅक्टेज या एन्झाइमचा उपयोग होतो. धडधाकट माणसाने रोज घेतल्याने मात्र काही विशेष साधतं, असा भक्कम पुरावा नाही.

तुझी मला एकच काळजी, ती घाईची. उशिरा उठायचं, चहा उभ्यानेच प्यायचा, डब्यातली पोळी दोन घासांत संपवायची आणि मग पोट फुगलं म्हणून गोळ्यांच्या बाटलीकडे हात. अर्धा तास लवकर ऊठ, बसून जेव, घास नीट चाव. महिनाभर बाटली आणू नकोस आणि ते पैसे पोस्टाच्या खात्यात टाक, तू काटकसरी आहेसच.

या महिन्यात कधीही वजन उतरत असेल, शौचास तेलकट होत असेल किंवा रक्त दिसलं, तर मात्र एक दिवसही थांबू नकोस, डॉक्टरांकडे जा. जाताना बाटली बरोबर ने, आत काय आहे ते त्यांना वाचू दे. आणि संध्याकाळी मला फोन कर, कितीही उशीर झाला तरी.

तुझी,
आजी