आधी घरात पाहू



किराण्याची यादी करण्यापूर्वी फडताळात अगदी मागे हात घालून पाहा. मटकीची अर्धी पुडी सापडते. तिच्यामागे दुसरी, न फोडलेली. घरात होतं, तरी आपण आणलं. कारण पाहिलंच नाही.

एक महिना एवढंच ठरवू या. आधी घरात पाहू, मग बाजारात जाऊ. उसवलेली पिशवी शिवता येईल. रात्रीच्या पोळ्यांचा सकाळी कुस्करा होईल.

महात्मा गांधी आलेल्या पत्रांची पाकिटं उलगडून कोऱ्या बाजूवर लिहीत. लोकांनी कामासाठी विश्वासाने दिलेल्या पैशाची ती जाण होती.

पण काटकसर म्हणजे कंजुषी नव्हे. कंजूष माणूस दुसऱ्याच्या गरजेलाही हात आखडतो. काटकसरी माणूस स्वतःची हौस आवरतो, आणि दारी आलेल्याला पोटभर वाढतो. म्हणून कामाला येणाऱ्या ताईंच्या पगारात, मुलांच्या दुधात, आजीच्या औषधात कपात नको. न पाहता होणारा खर्च तेवढा थांबवू.

हा भार एकट्या गृहिणीवर टाकू नका. घरातल्या सगळ्यांनी मिळून म्हणू या : आधी घरात पाहू, मग बाजारात जाऊ. आणि जे वाचेल, त्यातलं थोडं गरजवंताच्या हाती देऊ.