ओठांवरचे बोट

पॅरिसमध्ये राहत असताना सेंत-उआँच्या जुन्या बाजारात मी एक मदन विकत घेतला. वीतभर उंचीचा, पांढऱ्या चिनी मातीचा, ढगावर बसलेला. एका हाताने तो भात्यातून हळूच बाण काढतो आहे, आणि दुसऱ्या हाताचे बोट ओठांशी धरून पाहणाऱ्याला गप्प राहायला सांगतो आहे. मूळचा संगमरवरी मदन फाल्कोने या शिल्पकाराने मादाम द पाँपादूरसाठी घडवला. त्याच्यावर १७५७ हे साल आहे आणि आज तो लूव्ह्रमध्ये आहे. फाल्कोने त्याच वर्षी सेव्हरच्या कारखान्यात मूर्तिकामाचा प्रमुख झाला, आणि मदनाच्या चिनी मातीतल्या प्रती निघू लागल्या. पुढे त्या इतक्या निघाल्या, की माझा मदन कोणत्या पिढीचा हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.

या मूर्तींवर झिलई नसते. झिलईने नाकाडोळ्यांची नाजूक रेघ बुजते, म्हणून माल कोराच ठेवायचा अशी रीत तिथे १७५०च्या सुमारास पडली. त्या मालाला ‘बिस्किट’ म्हणतात. दिसायला थेट संगमरवर. पण धूळ, धूर, हातांचा तेलकटपणा सारे त्याच्या अंगात मुरते. माझाही मदन मळला होता. एका रविवारी मी त्याला कोमट पाण्याने आंघोळ घातली, आणि ते ओठांवरचे बोट अलगद माझ्या तळहातावर आले. प्लास्टरचे होते, वरून रंग दिलेला. अतिनील किरणांच्या दिव्याखाली असा रंग वेगळा उजळतो म्हणतात, पण बाजारात असा दिवा खिशात घालून कोण हिंडतो?

दुकानदाराला मी मनात पुष्कळ शिव्या घातल्या. आता विचार करतो तेव्हा आठवते, की तो खोटे असे काहीच बोलला नव्हता. मी विचारले नव्हते, त्याने सांगितले नव्हते.

मूर्तीला चीर असणे हा काही गुन्हा नव्हे. तिचे भाग सुट्या साच्यांतून काढतात, पातळ मातीने जोडतात; भट्टीत ती आकसते आणि आकसताना कधी तडकते. जाणकार ही चीर मोडतोडीच्या खात्यात मांडत नाहीत. बोट बसवणे हाही गुन्हा नव्हे, असे मला वाटते. त्या बोटाविना हा मदन नुसता हात वर करून बसलेला पोरगा दिसतो. बोट बसवणाऱ्याने फाल्कोनेचे म्हणणेच परत आणले होते. संग्रहालयांतले लोकही सांधतात. मात्र पुन्हा सोडवता येईल अशा पदार्थाने, आणि काय सांधले त्याची नोंद ठेवून. सारा फरक त्या नोंदीचा.

मी बोट पुन्हा चिकटवले. पुढे देशी परतायचे ठरले, पैशांची ओढ होती, आणि आमच्या जिन्यावरच्या एका वृद्ध बाईंना मदन फार आवडलेला होता. बाईंनी किंमत विचारली. मी सांगितली, ती निर्दोष मूर्तीची. त्यांनी मूर्ती हातात फिरवून पाहिली, हसल्या आणि पैसे मोजले. बोटाबद्दल त्यांनी काही विचारले नाही. मीही सांगितले नाही.

न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याचे बंधन असते का? दोन वर्षे मी ‘नाही’ म्हणत आलो. पण या ‘नाही’त एक अडचण आहे: ते मान्य केले तर त्या दुकानदाराला घातलेल्या शिव्या परत घ्याव्या लागतात, आणि तेवढे माझ्याने होत नाही.

गेल्या महिन्यात मी बाईंना पत्र लिहिले. निम्मे पैसे परत पाठवतो असे लिहिले, आणि मदनाला पाणी लावू नका, कोरड्या मऊ कुंचल्यानेच झटका, हेही लिहिले. उत्तर अजून आलेले नाही.